तिसऱ्या हाकेपर्यंत

नांदुऱ्याला उतरले आणि गाडी निघून गेली, तेव्हा फलाटावर मी आणि माझी बॅग एवढंच उरलं होतं. नाशिकला डब्याच्या दाराशी पप्पा म्हणाले होते, "दिवाळीपर्यंत राहून बघ. नाही जमलं तर परत ये." पुढे जानेफळच्या बसमध्ये मी तेच घोळवत होते. खामगाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि पऱ्हाटी (कपाशी) सुरू झाली, आणि जानेफळ येईपर्यंत उन्हं उतरली.

मला प्रवेश मिळालेल्या कॉलेजजवळ ज्या काकूंकडे खोली ठरली होती, त्यांचं दार उघडंच होतं. आत भांडी वाजत होती. मी दारातून हाक मारली, "काकू?"

भांडी थांबली, पण उत्तर आलं नाही. आत कुणीतरी श्वास रोखून उभं आहे, हे मला बाहेर कळत होतं. पुन्हा हाक मारली. तीच शांतता. मी बॅग उचलून परत फिरायच्या बेतात होते, तरी कसंबसं तिसऱ्यांदा म्हटलं, "काकू, मी ईशा."

"ये वं बाई, ये," काकू हसतच बाहेर आल्या. "दिवेलागनीले पयल्या हाकेले आमी ओ देत नाई. कोन हाक मारते, काय मालूम? तिसऱ्या हाकेले मानूसच असते."

जेवायला भाकरी आणि पातोडीची भाजी (बेसनाच्या वड्यांचा झणझणीत रस्सा) होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटानं, असं मी सांगितलं.

वर्गात मात्र सर एकदाच नाव घेत. शाळेतल्यासारखं "प्रेझेंट सर" माझ्या ओठांवर येई आणि तिथेच राही. गैरहजेरी लागत गेली. खोलीत माझ्यासोबत राहणारी वैष्णवी म्हणाली, "मनातल्या मनात प्रेझेंट म्हनते का वं तू? सरले आयकू यायले पायजे ना. परीक्षेले बसू देनार नाईत तुले."

काकूंना मात्र माझं कौतुक. "हे पोरगी बरी. उगाच ओ देत नाई."

दसऱ्यानंतर मी ठरवून टाकलं. परत जायचं. बॅग अर्धी भरली, कुणाला काही बोलले नाही. त्याच आठवड्यात प्रॅक्टिकल दिवेलागणीपर्यंत लांबलं. वैष्णवी पुढे निघून गेली होती, म्हणून मी धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) एकटीच निघाले. दोन्हीकडे तूर डोक्यापेक्षा उंच. वारा नव्हता.

"ईशू."

हाक तुरीतून आली, अगदी जवळून. आवाज मम्मीचा, स्वयंपाकघरातून मारते तसा, शेवटी थोडा लांबवलेला. ईशू हे नाव तिथे कुणालाच माहीत नव्हतं. ओ अगदी जिभेवर आली. मी दातांत ओढणी धरली आणि उभी राहिले. दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. ती आली नाही. तूर मात्र एकाच जागी थोडी हलली, आणि थांबली.

घरी आले तशी काकूंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मीठ-मोहऱ्या हातात घेतल्या.

"एकच डाव ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मंग तुयासाठी नव्हती ते."

दुसऱ्या दिवशी सरांनी नाव घेतलं आणि मी ओरडलेच, "प्रेझेंट सर!" अख्खा वर्ग मागे वळला. वैष्णवी पुटपुटली, "आता फळा फोडते का?" माझ्या आवाजाची मलाच भीती वाटली. पण दिवसाउजेडी वर्गात नाव घेणारा माणूसच होता, आणि ओ दिल्यावर पुढचं नाव घेत होता. मी बॅग रिकामी केली.

दिवाळीला नाशिकला पोचले. संध्याकाळी स्वयंपाकघरातून हाक आली, "ईशू." मी सोफ्यावर गप्प. पुन्हा हाक. तिसऱ्या हाकेला मी उठले.

"बहिरी झालीस का?" मम्मी म्हणाली. मग वात सारखी करत हसली. "मी तरी काय. दसऱ्यानंतर एकदा असाच दिवा लावताना सवयीनं तुला हाक मारून बसले."

"एकदाच?"

"हो. मग आठवलं, तू इथे नाहीस."

कुठला वार होता, ते मी विचारलं नाही. पप्पांना फक्त सांगितलं, नांदुऱ्याचं परतीचं तिकीट काढा.

आता जानेफळात उन्हं उतरायला लागली की, मम्मी दिव्यापाशी जायच्या आत मीच फोन लावते. पहिल्याच रिंगला ती उचलते. आत काकूंची भांडी तेवढा वेळ थांबलेली असतात.