वहिनी, घर पक्कं

माझ्या नणंदेच्या यजमानांना, म्हणजे आमच्या भाऊजींना, पुण्यातलं एकही घर नुसतं घर म्हणून दिसलं नसेल. ते घरांचे विमे उतरवायचे, आणि कुठेही गेले तरी चपला काढायच्या आधी बोटानं भिंत वाजवून बघायचे. पक्क्या इमारतीतल्या फ्लॅटला हप्ता कमी, बंगल्याला कंपाउंडच्या भिंतीसकट जास्त, आणि नारायण पेठेतल्या लाकडी माडीला कंपनी आधी नाक मुरडणार, मग आकडा सांगणार, हे ऐकून ऐकून चौथी शिकलेल्या मलाही पाठ झालं. एका वास्तुशांतीला त्यांनी होमाशेजारी पाण्यानं भरलेली बादली आणून ठेवली. गुरुजी म्हणाले, "अहो, हे काय?" "आपण मंत्र म्हणा. पॉलिसी उद्यापासून सुरू होतेय." पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो तर सगळे मुलीकडे बघत होते आणि हे तुळयांकडे. पोहे खाता खाता म्हणाले, "मुलगी उत्तम. घर सागवानी, हप्ता चढा पडेल."

हडपसरच्या आमच्या घराची भिंत मात्र त्यांनी कधी वाजवली नाही. वर पत्रे होते. आले की चहाचं कौतुक करायचे, हप्त्याचं नाव काढायचे नाहीत. त्यांची ती माया मला कळायची, आणि तीच लागायचीही. एकदा तरी त्यांनी आमच्या घराचा हप्ता सांगावा असं फार वाटायचं, पण विचारायला तोंड उघडायचं नाही.

शेवटी आम्ही स्लॅब टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी बसनं हजर. पँट दुमडून शिडीनं वर चढले आणि पाइप घेऊन स्लॅबला पाणी मारायला लागले. आमच्या ह्यांनी खालून हाक मारली, "दाजी, तुम्ही कशाला?"

"वाळला तर तडे जातील. तडे गेलेल्या घराचा अर्ज मी नेत नाही."

मग रोजच यायला लागले. खालचे टेकू काढले त्या दिवशी चपला पायात ठेवूनच त्यांनी भिंत वाजवली. एक नाही, चारही. मी दारात उभी.

"वहिनी," गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "घर पक्कं. फ्लॅटवाल्यांच्या बरोबरीचा दर."

शेजारणी बाहेर आल्या. त्या दिवशी मी मान वर करून गल्लीभर पेढे वाटले.

आता भाऊजी नाहीत. आजूबाजूला उंच इमारती झाल्यात. कुणाच्या नव्या घरी गेले की चपला काढता काढता माझंही बोट हळूच भिंतीवर वाजतं. आवाज चांगला येतो. हप्ता सांगणारं कुणी नसतं.