माईंनी वजन सांगितलं तो दिवस

माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या माई, गेल्या त्याला पाच आठवडे झाले. मी ठाण्याला ऑफिसात होते, तिथे केतकीचा फोन आला. "आई, माईआजी गेली. दुपारी झोपली ती उठलीच नाही. तू लगेच नीघ." केतकी माझी मुलगी, पंधरा वर्षांची. डोंबिवलीला पोचेपर्यंत मी रडत होते. पण खरं सांगू, आता माईंची आठवण आली की रडण्याआधी मला हसूच येतं, आणि ते का, हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही...

केतकी जन्मली ती टाळूला फट घेऊन. ओठ-नाक देखणं, बाहेरून काही कळायचं नाही. पण तोंडातलं दूध नाकातून बाहेर यायचं. तिला दूध ओढताच येईना. डॉक्टर म्हणाले, वर्षाच्या आसपास ऑपरेशन करू, मात्र तोवर वजन वाढायला हवं. आणि उशीर झाला तर बोलणं नाकातच राहण्याची भीती. झालं, घरात दुसरा विषयच उरला नाही. माईंनी स्वतःची पाच मुलं आणि निम्मी चाळ वाढवलेली, तीही एकाच पद्धतीने: पाय पसरून बाळ पायांवर आडवं घ्यायचं आणि बोंडल्याच्या चोचीने तोंडात दूध सोडायचं. त्यांनी तेच केलं आणि केतकी गुदमरून निळी पडली. दुसऱ्या दिवशी इस्पितळातल्या नर्सने त्यांना शिकवलं: बाळाला बसतं धरायचं, चमच्याने थोडंथोडं दूध द्यायचं, थांबायचं, ढेकर काढायची. साठीच्या माई पहिलीतल्या मुलीसारख्या ऐकत होत्या. घरी येऊन त्यांनी बोंडलं माळ्यावर टाकलं आणि मला बजावलं, "सुमन, आजपासून मला काही येत नाही असं समज."

त्यानंतरचे महिने म्हणजे नुसती धमाल. वाटीभर दूध पाजायला तास लागायचा. माई भिंतीला टेकून बसायच्या, केतकी मांडीवर ताठ, आणि दर चमच्याला दोघींची तोंडं एकदम उघडायची. ज्या दिवशी अख्खी वाटी संपली आणि नाकातून थेंबही आला नाही, त्या दिवशी त्यांनी मला मोरीतून ओल्या हातांनी बोलावून घेतलं, कोरडं नाक दाखवायला. मी नाचले, अक्षरशः नाचले.

फक्त एक गोष्ट माईंना चालायची नाही: वजन बोलून दाखवणं. बाळाचं वाढणं उच्चारलं की दृष्ट लागते, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. दर पंधरवड्याला मी दवाखान्यातून आले की त्या नुसत्या भुवया उंचावायच्या आणि मी पदराआड बोटं दाखवायची. सहा बोटं, मग सहा आणि एक अर्धं दुमडलेलं... काय आनंद व्हायचा आम्हाला! शेजारणीने विचारलं तर माईंचं उत्तर मात्र ठरलेलं, कुठलं वाढतंय, काडी झालीय पोर.

अकराव्या महिन्यात ऑपरेशनची तारीख घ्यायला आम्ही ठाण्याला सर्जनकडे गेलो. नवरा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून अर्धी सुट्टी टाकून परस्पर तिथे आला. सर्जननी टाळू तपासली आणि नवं कार्ड लिहिता लिहिता सहज आजीला विचारलं, खाते-पिते ना नीट? माई सवयीने बोलून गेल्या, "कुठलं हो डॉक्टर. महिनाभर पोटात काही ठरतच नाही, सुकत चाललीय." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. अशा मुलीला भूल देणं धोक्याचं, तीन-चार महिने थांबू, म्हणाले. अकरा महिन्यांची मेहनत एका वाक्याने पाण्यात चालली होती, आणि ती मेहनत सर्वांत जास्त माईंचीच होती.

माई उठून उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक, पण आवाज बाहेरच्या बाकांवर ऐकू जाईल असा. "डॉक्टर, मी खोटं बोलले. दृष्ट लागेल म्हणून बोलले. ही दोन वेळा वाटीभर खिमट खाते, पाच वेळा दूध पिते, आणि वजन आठ किलो आहे हिचं. माझ्यासमोर मोजा." केतकीला काट्यावर ठेवलं. काटा आठच्या जरा पुढेच थांबला. डॉक्टर आधी गोंधळले, मग मनापासून हसले, आणि पुढच्याच आठवड्यातली तारीख लिहून दिली. घरी आल्या आल्या माईंनी मीठ-मोहऱ्यांनी केतकीची दृष्ट काढली, मग माझी, आणि वर डॉक्टरांच्या नावाने पण एक मूठ ओवाळली.

ऑपरेशन छान झालं. पुढे केतकीकडून एकेक अक्षर घोटून घेण्याचं कामही माईंनीच अंगावर घेतलं. गेली तीन वर्षं त्यांना वाचता येईनासं झालं होतं, तेव्हा शाळेतून आली की केतकी त्यांच्या खाटेवर बसून पेपर मोठ्याने वाचायची. माईंनी तिचं एकदाही कौतुक केलं नाही. त्यांचे दिवस झाले, पाहुणे गेले, पण केतकीने वाचन काही थांबवलेलं नाही. संध्याकाळी ती त्या रिकाम्या खाटेवर बसते आणि पहिल्या पानापासून सुरू करते. काल मी कणीक मळता मळता ऐकत होते. प, ब, ट, क... एकही अक्षर नाकात गेलं नाही. फार सुंदर वाचते माझी मुलगी. माई असत्या तर हे वाक्य त्यांनी मला खोडायला लावलं असतं.