बाईंचं गप्प बसणं

दूध वर येत होतं, आजोबा चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्माच शोधत होते, आणि सूनबाई एका हाताने केस विंचरत दुसऱ्या हाताने डबा भरत होती. नेमकं तेव्हाच दार वाजलं.

"टकळी असणार," बाई गॅस बारीक करत म्हणाल्या. "दार वाजवतानाही हिला दम नाही."

टकळीच होती. पाचवीत बाईंच्या हाताखाली शिकलेली, तेव्हापासून तोंडाला खीळ नसलेली, आणि आता बाईंच्याच जागी त्याच शाळेत भाषा शिकवणारी.

महिन्यापूर्वी ती आली होती ती रडवेल्या चेहऱ्याने. तिने वर्गासाठी ऑनलाइन सराव सुरू केला होता. मुलांनी घरी धडा ऐकायचा, प्रश्नाचं उत्तर आपल्या शब्दांत बोलून नोंदवायचं, मग नमुना उत्तर ऐकून आपलं आपण ताडून पाहायचं. पण मुलं कसली बिलंदर! आधी नमुना ऐकायची आणि तोच पोपटासारखा म्हणायची. "चाळीस मुलं आणि उत्तर एकच, बाई! मोठ्या बाई म्हणाल्या, सहामाहीपर्यंत फरक दिसला नाही तर हे खूळ गुंडाळा. तुम्ही विचारलंत की आम्हाला बोलावंसं वाटायचं. तुमचा आवाज द्या ना."

मग बाईंनी झोपायच्या खोलीत, पंखा बंद करून, आजोबांना खोकायची बंदी घालून तीन धडे नोंदवले होते. खिडकीकडे तोंड करून बसल्या, आणि बोलता बोलता त्यांना समोर बाकं दिसू लागली. खडूची धूळ, शाईने माखलेली बोटं, मागच्या बाकावरची खुसपुस. कितीतरी वर्षांनी घसा असा गोड दुखला होता.

"ऐका आता," टकळीने ओट्यावरच लॅपटॉप उघडला. "मशीनने सगळं स्वच्छ करून दिलंय. अकरा मिनिटांचा धडा पाचात!"

बाईंचा आवाज आला. 'पत्र हातात पडूनही म्हातारा हसला का नाही?' आणि लगेच, श्वासही न घेता, 'कारण ते पत्र त्याच्या मुलाने लिहिलेलं नव्हतं.'

"पुन्हा लाव," बाई म्हणाल्या.

पुन्हा तेच. त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. स्वतः विचारलेला प्रश्न, पण उत्तर मनात जुळवायला त्यांनाच सवड मिळाली नव्हती.

"मधलं कुठे गेलं?"

"मधे काही नव्हतंच, बाई. तुम्ही नुसत्या गप्प होतात. मशीन रिकामी जागा आपोआप काढतं."

"अगं, प्रश्न विचारून मी वर्गातही खिडकीबाहेर बघायचे."

"हो की! आम्हाला वाटायचं, बाईंना डुलकी लागते."

"डुलकी कसली! तुमच्याकडे बघितलं की तुम्ही माझ्या चेहऱ्यावर उत्तर शोधायचात. तू तर या प्रश्नाला उभी राहिलीस ती राहिलीसच. सगळा वर्ग हसला. मी वळले नाही."

टकळीने लॅपटॉप अर्धा मिटला. मग हळूच म्हणाली, "मी म्हटलं होतं, दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं पत्र वाचून त्याला मुलगा आणखीच लांब गेल्यासारखा वाटला असेल."

"पुस्तकात नव्हतं ते. मला आजवर दुसऱ्या कुणी असं सांगितलं नाही."

सूनबाईचा कंगवा हातातच राहिला होता. आजोबांनाही कपाळावरचा चष्मा सापडला होता, पण ते दारातच उभे होते.

"मुळातलं आहे अजून माझ्याकडे," टकळी म्हणाली. "आजच बदलते. आणखी काही हवंय का, बाई? सुरुवातीला तुमचं नाव घालू? फोटो?"

"नाव नको, फोटो तर नकोच," बाई म्हणाल्या. "मी गप्प बसते तेवढं कापू नकोस."