पाण्यावरचा राजा

जगाची उत्पत्ती मी एका दुपारी, जेवण झाल्यावर, सुपारी कातरता कातरता लिहून टाकली. खोटं कशाला बोलू, मध्ये एक डुलकीही काढली होती.

जव्हारातल्या एका कचेरीत मला कारकुनी लागून तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. अक्षर वळणदार, बाकी गुण यथातथा. ठाण्याहून एक गोरा साहेब पाहुणा येणार होता आणि त्याला म्हणे डोंगरातल्या लोकांच्या जुन्या कथांचा नाद होता. आमच्या शिरस्तेदारांनी मला बोलावून सांगितलं, "दाभोशाकडे एक म्हातारा भगत पृथ्वी कशी झाली ते गातो. जा, त्याच्यापुढे बसा, लिहून आणा. आणि हे पाहा, त्यात राजा लवकर येऊ द्या. पाहुण्यांसमोर राजा शेवटी आलेला बरा दिसत नाही."

दाभोसा म्हणजे अर्ध्या दिवसाची पायपीट. मी विचार केला, पृथ्वी झाली ती एकदाच झाली. ती इथे बसून लिहिली काय नि तिथे बसून लिहिली काय! लहानपणी कीर्तनात ऐकलेलं थोडं, पदरचं बरंच. माझ्या कथेत आधी पाणी होतं, कारण पाण्याशिवाय अशा गोष्टींची सुरुवातच होत नाही. पण दुसऱ्याच ओळीत त्या पाण्यावर सोन्याचं सिंहासन तरंगत आलं, त्यावर राजा. राजाने तलवार उगारून पाण्याला दटावलं, पाणी भिऊन मागे सरलं, आणि उरली ती पृथ्वी. तीन पानं. मग दाभोशाला गेल्यासारखं दिसावं म्हणून दोन दिवस खोलीच्या बाहेर पडलो नाही आणि तिसऱ्या दिवशी पायांना धूळ चोळून कचेरीत हजर झालो.

शिरस्तेदारांनी तीनही पानं वाचली. "वा!" म्हणाले. "म्हातारा भलताच समजूतदार दिसतो." मी नम्रपणे मान खाली घातली. मग त्यांनी चष्मा काढला. "आता त्यालाच घेऊन या. साहेबासमोर त्याने हेच गायचं. यातलं आणि त्याचं जुळलं पाहिजे. नाही जुळलं, तर तुम्ही आपलं गाठोडं बांधायचं."

आता तुम्ही म्हणाल, गेली नोकरी तर गेली. पण फाल्गुनात माझं लग्न ठरलं होतं, आणि ते माझ्याशी नव्हे, नोकरीशी ठरलं होतं. "मुलगा जरा बावळट दिसतो," असं भावी सासऱ्यांनी मला पाहून म्हटल्याचं माझ्या कानावर आलं होतं. "पण कचेरीत आहे," हे त्यांचं पुढचं वाक्य. ते पुढचं वाक्य काढून घेतलं की काय उरतं, ते मला चांगलं ठाऊक होतं.

तेव्हा मी खरोखरच दाभोशाला निघालो. बेत असा की म्हाताऱ्याला गोड बोलून, तंबाखू देऊन, त्याच्या कथेत माझा राजा आधी बसवून घ्यायचा. एका राजाला जागा करायला असा कितीसा वेळ लागणार?

पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. खळ्यावर नव्या भाताची रास घातलेली, वर पेंढ्याचा मांडव, आणि राशीभोवती तांदळाच्या पिठाची मोठी गोल रेघ. रेघेच्या आत वीसेक माणसं मांडी घालून बसली होती. सावली तेवढीच होती, म्हणून मी रेघ ओलांडून आत जाऊन ऐसपैस बसलो. कुणी काही म्हणालं नाही. फक्त खळ्याची मालकीण, चाळिशीची, ठसठशीत बाई, माझ्या टोपीकडे बघून म्हणाली, "बसलास? बस. पण मंग बस हां."

त्या भागात सगळे सगळ्यांना 'तू'च म्हणतात, कारकुनालाही. ते मला एवढं लागलं की वाक्यातली धमकी माझ्या लक्षातच आली नाही.

भगताने काशाचा थाळ पुढे घेतला. थाळाच्या मधोमध मेणाने उभी चिकटवलेली एक बारीक काडी. बोटं पाण्यात बुडवून त्याने ती काडीवरून खाली ओढली आणि थाळ घुमायला लागला. भुंगा कानाशी यावा आणि जाऊच नये, तसा आवाज. आणि त्या आवाजावर म्हातारा बोलायला लागला, गाणं नाही आणि बोलणंही नाही असं काहीतरी.

पाणी होतं. वर पाणी, खाली पाणी. दिस नव्हता, रात नव्हती. पाणी पाण्यालाच विचारी, मी कोठं संपतं? पाणी सांगे, ठाव नाय.

एवढ्या एका गोष्टीवर त्याने अर्धा तास काढला. माझ्याकडे अख्खं पाणी दीड ओळीत आटोपलं होतं. मी शेजाऱ्याला हळूच विचारलं, "किती वेळ चालतं हे?" त्याने ओठांवर बोट ठेवलं. म्हटलं, तोवर नदीवर पाय धुऊन यावं. मी उठायला लागलो तशी मालकिणीने माझा सदरा धरला आणि कानाशी फुसफुसली, "खाली बस! जमीन नाय झाली अजून. पाय कोठं ठेवशील?"

मी खाली बसलो. तेव्हा मला रेघेचा अर्थ कळला. कथा सुरू झाली की पृथ्वी पुरी होईपर्यंत आतल्या माणसाने बाहेर पाऊल टाकायचं नाही. चारही बाजूंना बोटभर रुंदीची पिठाची रेघ, आणि मी तुरुंगात बसावं तसा बसलो होतो. तुरुंगाला निदान भिंत असते, तिच्यावर रागावता तरी येतं.

पुढे देवाने माती आणायला मासा पाठवला, तो परतलाच नाही. खेकडा पाठवला, त्याच्या नांग्यांत माती ठरेना. शेवटी गांडूळ गेलं. ते तळाशी जाऊन माती खातच सुटलं. वर आल्यावर देवाने त्याला दाबलं, तेव्हा त्याच्या पोटातून बोटाएवढी माती निघाली. ती पळसाच्या पानावर ठेवली. पान डुगडुगायला लागलं...

गांडूळ! माझ्या डोळ्यांपुढे चष्मा काढणारे शिरस्तेदार उभे राहिले. माझ्या तीन पानांत गांडुळाचं नाव नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, आणि राजा?"

थाळ थांबला.

मग वीस जणांनी एकदम उसासा टाकला. एक म्हातारी कपाळाला हात लावून म्हणाली, "विरघळली!"

"काय विरघळलं?"

"माती," मालकीण म्हणाली. "मधी कोणी बोललं की पानावरची माती विरघळते. आता परत पाण्यापासून. अरे, सकाळधरून चूल नाय पेटली कुणाची! कणसरीला कथा ऐकवल्याबगर नवा दाणा तोंडात नाय घालायचा, आन जुनी नागली संपून आठ दिस झाले. कंद उकडून खातोय आम्ही."

कणसरी म्हणजे धान्याची देवी. ती बिचारी राशीतच बसली होती, आणि वीस माणसं तिच्याभोवती उपाशी. म्हाताऱ्याने एका शब्दाने मला दोष दिला नाही. बोटं भिजवली आणि सुरू केलं. पाणी होतं. वर पाणी, खाली पाणी.

शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. मीही बसलो, अगदी गांडूळ परत येईपर्यंत. पण माती पानावर ठेवताना म्हातारा दम घ्यायला थांबला, आणि मला वाटलं, थाळ थांबलाय म्हणजे बोलायला हरकत नाही. मी पुढे वाकून अगदी अदबीने म्हणालो, "भगतबाबा, सिंहासन नसलं तरी चालेल. निदान गांडुळाच्या आधी राजाला नुसता उभा करता आला तर..."

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही, अडचणीने. "करीन की," म्हणाला. "पण उभा कोठं करू त्याला? बुडंल ना तो!"

सगळे हसले. हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की माती पुन्हा विरघळली आहे, आणि हसू तिथेच थांबलं. मालकिणीने पदराचं टोक माझ्या हातात कोंबलं. "हे तोंडात धर. दात आवळून धर."

तिसऱ्या खेपेला मी पदर तोंडात धरून पृथ्वीची उत्पत्ती ऐकली. पाय बधिर झाले होते, पाठीवरून घाम वाहत होता. पण पळायला जागा नव्हती, बोलायला तोंड नव्हतं, आणि अशा वेळी माणूस नाइलाजाने ऐकतो. पाणी या वेळी मला भारी वाटलं. त्याला कडा नव्हती, वर नव्हतं, खाली नव्हतं, आणि मुख्य म्हणजे त्याला भीती नव्हती. माझ्या पाण्याला मी तलवार दाखवली होती. पण तलवारीला कोण भितं? ज्याला मान आहे तो. या पाण्याला मान कुठे होती?

पानावरची माती डुगडुगत होती ती थांबवायला देवाने चार कोपऱ्यांना चार डोंगर ठेवले. मग झाडं झाली, मुंगी झाली, मुंगीने दाणा आणला, माणसं झाली. रास पडली, आणि राशीवरून भांडण झालं. माणसं म्हणाली, कुणीतरी बसून रास राखली पाहिजे. पण ज्याला नांगर धरता येतो तो कसा बसून राहील? जिला लावणी येते ती कशी बसेल? तेव्हा ज्याला काहीच येत नव्हतं असा एक जण त्यांनी शोधला आणि म्हणाले, तू बस. हा राजा.

वीस जणांनी माझ्या टोपीकडे पाहिलं.

उन्हं कलली तेव्हा कथा संपली. म्हाताऱ्याने पायाने रेघ पुसली. बायकांनी नवे तांदूळ शिजत टाकले आणि पहिल्या पंगतीत मलाही पान वाढलं. ज्याच्यामुळे त्यांची चूल दोनदा पेटायची राहिली त्याला! म्हाताऱ्याशेजारी बसून मी सगळं सांगून टाकलं: सुपारी, डुलकी, तीन पानं, फाल्गुन.

"राजा पाण्यावर बसला?" त्याने विचारलं. "आन पाणी गेलं?"

"हो."

"पाणी जात नाय रे दादा. खालीच आहे ते." त्याने भाताने भरलेल्या बोटाने जमिनीवर टकटक केलं. "म्हणून तर दर साली सांगावं लागतं. साहेब येईल त्या दिशी येईन मी. पण थाळ लावला की कोणी उठायचं नाय. साहेब नाय, तुझा मोठा कारकून नाय. आन कथा माझीच."

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर मी गाठोडं बांधायची मनाची तयारी केली. सासऱ्यांना काय लिहायचं तेही जुळवलं. शिरस्तेदारांपुढे उभा राहून एका दमात म्हणालो, "ती कथा त्याची नाही. मी घरी बसून लिहिली. खऱ्या कथेत आधी गांडूळ आहे, राजा अगदी शेवटी. आणि तो गायला बसला की साहेबाला चार-पाच तास उठता येणार नाही."

शिरस्तेदारांनी शांतपणे दार लोटून घेतलं. "कुणाला बोललात हे?"

"कुणाला नाही."

"मग बोलू नका. तुमची पानं मी वर दाखवली. वरचे म्हणाले, हीच! लहानपणी आम्ही आजीच्या तोंडून हीच ऐकली होती." ते माझ्याकडे काहीशा करुणेने बघत होते. "आता ती तुमची राहिली नाही. म्हाताऱ्याला कळवा, येण्याचे कष्ट घेऊ नका. साहेबासमोर वाचाल तुम्हीच."

वाचली. दिवाणखान्यात लोडाला टेकून मंडळी बसली होती. मी पाण्यावर असतानाच दोघे उठून बाहेर गेले, एक जण आत आला. साहेबाने मध्येच काहीतरी विचारलं, त्याला कुणीतरी उत्तर दिलं, आणि मी पुढे वाचत राहिलो. काही विरघळलं नाही. पाव तासात पृथ्वी झाली आणि चहा आला. साहेबाने ती वहीत टिपून घेतली. ती वही कुठे गेली असेल, कोण वाचत असेल, या विचाराने मला आजही मधूनच घाम फुटतो.

नोकरी राहिली. फाल्गुनात लग्न झालं. सासरे मांडवात प्रत्येकाला माझी ओळख करून देताना कथेचा उल्लेख करत होते, आणि मी मुंडावळ्यांच्या आड मान हलवत होतो. त्यानंतर जो कोणी पाहुणा येईल त्याच्यापुढे मला ती तीन पानं घेऊन उभं करत. पुढे पुढे ती पाठच झाली.

दुसऱ्या वर्षी शिरस्तेदारांनी बोलावलं. "कथा जरा तोकडी पडते असं वरच्यांचं म्हणणं आहे. राजाबरोबर एक प्रधानही घाला."

मी दौत उघडली, टाक बुडवला. "पाण्याच्या आधी घालू, की नंतर?"

त्यांनी थोडा विचार केला. "आधीच घाला," म्हणाले.

मी लिहून घेतलं.