नणंदबाईंचे गाल

आमच्या नणंदबाईंना सगळा देश ओळखतो, पण हातभर लांबून आणि बोटभर उंचीत. टीव्हीवर अर्थमंत्री भाषण करतात तेव्हा खाली कोपऱ्यातल्या चौकटीत उभं राहून तेच भाषण खुणांच्या भाषेत सांगतात, त्या ह्याच. माझ्या नवऱ्याला जन्मापासून ऐकू येत नाही. त्याच्याशी भांडता यावं म्हणून बाई लहानपणीच ही भाषा शिकल्या. लग्नानंतर मीही त्याच कामासाठी शिकले. नवरा ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत सुतारकाम शिकवतो.

ह्या भाषेत आकडा हात सांगतात आणि तो केवढा, ते चेहरा सांगतो. सुरुवातीला हजार कोटी म्हटलं की बाई गाल फुगवायच्या, डोळे मोठे करायच्या. नवरा कपाळावर हात मारून घ्यायचा. मंत्र्यांपेक्षा ह्यांनाच पैशाची काळजी जास्त, असं वाटायचं. पुढे हजाराचे लाख कोटी झाले. गाल तरी किती फुगणार? हळूहळू पूल, पाणबुडी, बंगल्याचे पडदे, सगळ्याला एकच चेहरा: बस येईल तेव्हा येईल, असा.

यंदाच्या बजेटलाही तोच चेहरा. नवरा थोडा वेळ बघत बसला, मग मान खाली घालून मटार सोलू लागला. मी स्वयंपाकघरात होते. लाख कोटी कानावर पडले की मला जांभई येते.

दुसऱ्या दिवशी नवरा दुपारीच घरी आला. अनुदान बंद, महिनाअखेर शाळा बंद.

संध्याकाळी बाई आल्या. "भाषणात होतं का हे?" त्याने खुणेने विचारलं.

"छे! असतं तर मला कळलं नसतं का?"

मी मोबाइलवर भाषण लावलं. होतं. विमानतळ आणि गालिचे यांच्या मधोमध, एका वाक्यात. बाईंनी भावाची शाळा स्वतःच्या दोन हातांनी बंद केली होती आणि चेहरा बसस्टॉपवरचा. मला त्यांचा भयंकर राग आला. मग माझाही आला, कारण आवाज तर स्वयंपाकघरापर्यंत येतच होता.

"किती वाचले सरकारचे?" नवऱ्याने विचारलं.

"बारा लाख," सांगता सांगता बाईंच्या बोटांची सवयीने चिमूट झाली. एवढेसे.

त्याने ती चिमूट सोडवली. बहिणीचे दोन्ही हात धरून पसरतील तेवढे पसरले आणि स्वतःचे गाल फुगवले. बाई रडायला लागल्या. तरी त्यांचे गाल फुगेपर्यंत त्याने हात सोडले नाहीत.