पोटखराब

सुमैराच्या पोटाची काळजी मला ती पाळण्यात होती तेव्हापासून आहे. आता ती सव्वीस वर्षांची आहे आणि आज माझ्यामुळे उपाशी झोपली आहे.

कामच असं निवडलं पोरीने. लोकांच्या खासगी जमिनीत गवत किती जातींचं, पाखरं कोणती, बिळं कोणाची हे मोजायचं आणि मालकाला लिहून द्यायचं. शेजारणींना मी ‘सर्व्हेला असते’ एवढंच सांगते. केडगावच्या आमच्या परसात एकदा तिला चौदा जातींचे कोळी सापडले. तिने ते वहीत टिपले. मी फिनेल आणायला गेले.

या आठवड्यात ती कर्जतजवळ छबूबाईंच्या रानात होती. छबूबाई तिथला तीन एकर माळ शुक्रवारी जेसीबी लावून सपाट करणार होत्या. चार सकाळी मोजू द्या, मग ठरवा, असा शब्द सुमैराने त्यांच्याकडून घेतला होता. दुसऱ्या संध्याकाळी तिचा मेसेज आला, ‘आज सगळा दिवस पोटखराबातच गेला.’

मी मराठी घेऊन बी.ए. झाले आहे. अर्थ लावायला मला क्षणही लागला नाही. उघडा माळ, आडोसा नाही, साखर-मिठाचं पाणी कोण देणार? पोरगी ऐकायची नाही म्हणून थेट छबूबाईंना फोन लावला. तिचं काम आता पुरे, सकाळीच एसटीत बसवून द्या, म्हणाले.

आईने बोलावलंय एवढंच कळल्यावर, माझंच काही बिनसलं असं समजून ती आज धावत आली. दारातच तिने माझ्या कपाळाला हात लावला, मी तिच्या. मग उलगडा झाला. सातबाऱ्यावर लागवडीला निरुपयोगी म्हणून जी जमीन लिहितात, ती पोटखराब. तिथेच तिला धाविक पक्ष्याची दोन अंडी आणि खोकडाचं बीळ सापडलं होतं.

“अम्मी, तुझी नोंदही त्याच रकान्यात करायला हवी,” ती म्हणाली.

परत येते असं सांगायला तिने छबूबाईंना फोन केला, पण त्या बधल्या नाहीत. “आईनं बोलावून घेतल्याली पोरगी मी ठिवून घ्यायची न्हाई. तिनं सोता सांगितलं तर ये. न्हाईतर शुक्रवारी जेसीबी हायेच.” ताट तसंच ठेवून सुमैरा आत गेली.

अकरा वाजून गेलेत. शुक्रवार परवावर आला. छबूबाई पाचला धार काढायला उठतात. पाचला मी त्यांना फोन करणार आहे. पोरीचं पोट ठणठणीत आहे, तुमचं पोटखराब तेवढं राहू द्या, पहिल्या एसटीने तिला पाठवतेय, एवढंच सांगेन.

आणि डबा तुम्हा दोघींचा देऊ का, तेही विचारीन.