आत्याच्या हनुवटीवरचा केस

“राहिलाय! अगं, राहिलाय अजून! आंधळी आहेस की काय?”

आत्या ओरडली की बडोद्याच्या वाडी भागातल्या आमच्या गल्लीतली सगळी कबुतरं उडून पाणीगेटच्या दरवाजावर जाऊन बसत, आणि ती शांत झाल्याची खात्री करूनच परत येत. सकाळचे सात वाजलेले. ती खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत, मान मागे टाकलेली, हनुवटी उजेडाकडे. मी तिच्यावर वाकलेली, हातात पितळी चिमटा.

“दोनदा निसटला, आत्या. गुळगुळीत आहे.”

“केस निसटत नसतो, धरणारा ढिला असतो. मुळाशी धर. उगवतो त्याच दिशेनं ओढ. मध्येच तुटला तर उद्या दुप्पट जाड येईल, आणि जबाबदार तू.”

एकच केस होता. डाव्या बाजूला, ओठाच्या कोपऱ्याखाली दोन बोटांवर. पण काय केस! आमच्याकडे त्याच सुमारास केबल आली होती, आणि केबलवाल्यानं गच्चीवरून सोडलेली काळी वायर आणि आत्याचा केस यात मला तरी फरक करता येत नसे. रोज सकाळी उपटायचा, आणि रोज सकाळी तो हजर. शाळेच्या शिपायालासुद्धा कधी इतकी नियमित हजेरी जमली नसेल.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. तीसेक वर्षं मराठी शाळेत गणित शिकवलं. निम्मं बडोदं तिच्या हातचा मार खाऊन मोठं झालेलं, आणि उरलेलं निम्मं तिच्या भीतीनं गुजराती शाळेत गेलेलं. ही बाई हनुवटीवर केस घेऊन जगते हे जगात कुणालाही माहीत नव्हतं. शेजारच्याच खोलीत वीस-पंचवीस वर्षं वावरणाऱ्या माझ्या आईलासुद्धा नाही. दार लावून, आरशासमोर, उजव्या हातानं ती एकटी ते काम उरकायची. मग अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लाकूड होऊन पडला, आणि तिला कुणाला तरी विश्वासात घेणं भाग पडलं. तिनं मला निवडलं. का, ते सांगितलं नाही. दाराला कडी घालायला लावली आणि म्हणाली, “हसलीस तर याद राख.”

मी हसले नाही. मान वर केल्यावर तिला बोलायचा चेव यायचा, आणि त्या केसाविरुद्ध लढलेल्या एकेका लढाईची हकीकत ती मला हप्त्याहप्त्यानं सांगायची. वज्रीनं घासून पाहिलं, तर कातडी गेली आणि केस राहिला. केस घालवायची पावडर आणली. तिला नासक्या अंड्यांचा असा वास, की आई तीन दिवस मोरीत मेलेली घूस शोधत होती. दोरा गुंडाळून पाहिला. शेवटी एका उन्हाळ्याच्या सुटीत गुपचूप बाबांचा रेझर फिरवला. आठ दिवसांत तिथे तीन केस उगवले आणि बाबांचं ब्लेड बोथट झालं. बाबा जेवताना म्हणाले, “या घरात माझ्याशिवाय दाढी कोण करतं?” सगळे खो खो हसले. आत्यानं ताटातून मान वर केली नाही.

“माझा जीव गेला ना,” ती एकदा म्हणाली, डोळे छताकडे, “तर आधी हनुवटी बघायची. मग लोकांना बोलवायचं. सगळे विद्यार्थी येतील. वाकून नमस्कार करतील. तेवढ्या जवळून.”

“आत्या, काहीतरीच काय!”

“काढशील ना?”

“काढेन.”

“बरं,” ती म्हणाली. तिचं ‘बरं’ म्हणजे स्टँपपेपरवरची सही.

आता जे सांगते त्यात मी काहीही फुगवलेलं नाही. मला नंतर फुगवायला पुष्कळ जागा आहे.

त्या सकाळी मला घाई होती. अलकापुरीतल्या कॉम्प्युटर क्लासला मी नुकतीच जायला लागले होते. तीन जणांत एक कॉम्प्युटर, आणि खुर्ची एकच. उशिरा येणारानं दिवसभर दुसऱ्याच्या खांद्यावरून बघायचं. चिमटा एकदा निसटला, दुसऱ्यांदा निसटला. घड्याळात सात वाजून वीस मिनिटं. मी चिमटा हवेतच मिटवला, टच्‌कन आवाज केला, आणि म्हटलं, “निघाला!”

आत्याचा डावा हात वर आला. बोट हनुवटीवरून फिरलं. एका जागी थांबलं.

ती ओरडेल म्हणून मी खांदे आवळले. पण ती ओरडली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, “बरं.”

गल्लीतली कबुतरं त्या दिवशी उडाली नाहीत. दुपारी साडेतीनला मी परत आले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता.

तिला खाली निजवलं होतं. तोंड उघडं राहू नये म्हणून हनुवटीखालून डोक्यावर पांढरी पट्टी घट्ट बांधलेली, वर झेंडूचे हार. तिचे विद्यार्थी रांगेनं येत होते, वाकत होते. अगदी तेवढ्या जवळून. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि त्या पट्टीकडे पाहत राहिले. एका क्षणी मला वाटलं, शपथेवर सांगते, की पट्टीच्या कापडातून काहीतरी काळं, बारीक, बाहेर आलंय. मग कुणीतरी त्याच्यावर फूल ठेवलं.

दहाव्या दिवशी विश्वामित्री नदीच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना.

बायका तिथे सहसा जात नाहीत, पण मी हट्टानं गेले. गुरुजींनी अडवलं नाही, कारण ते स्वतः आत्याचे विद्यार्थी, दोनदा नापास झालेले. भिंतीवर शंभर कावळे बसले होते. बरं, तीस. एकही ओरडत नव्हता. पलीकडच्या चिखलात एक मगर जबडा वासून पडली होती, आणि इतका वेळ गेला की तिनंही कंटाळून तो मिटला.

बाबांनी हात जोडले. “ताई, तुझी पुस्तकं वाचनालयात देतो.” कावळे गप्प. “शिलाईचं मशीन विकणार नाही.” गप्प. “तुझ्या खोलीला रंगसुद्धा देत नाही, आहे तशी ठेवतो!” एका कावळ्यानं नुसती मान तिरकी केली.

“बाई,” गुरुजी रडकुंडीला येऊन म्हणाले, “आता तरी सोडा ना.”

मला माहीत होतं काय राहिलंय. तिथे उभ्या असलेल्या इतक्या माणसांत फक्त मलाच. मी डोळे मिटले आणि ओठ न हलवता म्हटलं, काढेन, आत्या. शप्पथ काढेन.

पंखांचा आवाज झाला. “शिवला! शिवला!” गुरुजी ओरडले. बाबांनी डोळे पुसले. शिलाईच्या मशीनचाच घोर होता तिला, असं ते पुढे कितीतरी वर्षं सगळ्यांना सांगत राहिले.

आणि मी नुसतं ‘काढेन’ म्हणून बसले होते. कुणाचा, कुठला, हे बोललेच नव्हते.

चौदाव्या दिवशी सकाळी सातला हनुवटी खाजली म्हणून मी बोट नेलं. डाव्या बाजूला, ओठाच्या कोपऱ्याखाली, दोन बोटांवर.

आत्याचा चिमटा तिच्या खणात होता. तो घेतला, केस मुळाशी धरला, उगवतो त्या दिशेनं ओढला. निघाला. दुसऱ्या दिवशी सातला परत होता. मी बाबांचा नवा दोन पात्यांचा रेझर फिरवला, कारण टीव्हीवर त्यानं माणसांचे गाल संगमरवरासारखे होत असत. संध्याकाळपर्यंत गाल नव्हे, पण केस मात्र संगमरवरासारखा कडक झाला. मेण लावून फडकं ओढलं, तर माझ्या किंकाळीनं दूधवाला सायकलवरून पडला. केस जागच्या जागी. आरशात कातडी ताणून धरताना माझं तोंड डावीकडे वाकडं व्हायचं, एक डोळा बारीक व्हायचा, आणि एका सकाळी त्या वाकड्या तोंडातून माझ्या नकळत शब्द आला, “राहिलाय.”

आवाज माझा नव्हता. मी चिमटा टाकून खोलीबाहेर पळाले.

खुर्चीचं तर मी सांगितलंच नाही. आत्या गेल्यावर आईनं ती वेताची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. रोज सकाळी मी जायची तेव्हा ती खिडकीकडे वळलेली असायची, उजेडात. मी ती परत भिंतीकडे करायची. दुसऱ्या दिवशी परत उजेडात. आणि खिडकीच्या गजावर एक कावळा. ओरडायचा नाही. मान तिरकी करून माझ्या डोळ्यांकडे नाही, त्याच्या जरा खाली बघायचा.

शेवटी मी हरणी भागातल्या एका सोसायटीत गेले. तिथे एका गुजराती बाईनं घराच्या पुढच्या खोलीत पार्लर काढलं होतं. दोऱ्याचं एक टोक तिच्या दातात, दुसरं बोटांत. दोरा माझ्या हनुवटीवर सर्रकन फिरला आणि तुटला. तिनं दुसरा घेतला. तोही तुटला. तिसरा तुटला तेव्हा तिनं दिवा खाली ओढला आणि बराच वेळ पाहत राहिली.

“बेन, आ वाळ तमारो नथी लागतो.”

हा केस तुमचा वाटत नाही. मी म्हटलं, “म्हणजे?”

तिनं गुजरातीतच समजावलं, की बाकी तुमच्या तोंडावर बाळासारखी लव आहे. हा मात्र साठ वर्षांच्या बाईचा आहे. “घरमां कोईने हतो?”

घरात होता का कुणाला? “हतो,” मी म्हटलं.

बाईनं दोरा गुंडाळून ठेवला. पैसे घेतले नाहीत. दारापर्यंत पोचवायलाही आली नाही.

मी परतले ती ठरवूनच. हा केस माझा नव्हता. मी खोटं बोलून तिच्या तोंडावर ठेवलेला, हारांखाली, पट्टीखाली, तिच्या सगळ्या विद्यार्थ्यांसमोर ठेवलेला केस होता तो. तिनं तो सरळ माझ्याकडे पाठवला होता. वही चुकली की ती अशीच परत पाठवायची. आणि चूक कबूल केल्याशिवाय आत्यानं आजवर कुणाची वही तपासली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सातला मी खोलीत गेले. खुर्ची उजेडात होती, आणि तिच्यात कुणीतरी बसलेलं होतं. मान मागे टाकलेली.

मग ती मान वळली. आई होती. मांडीवर हातआरसा, हातात पितळी चिमटा, स्वतःच्याच हनुवटीला लावलेला.

मी तिथेच उंबऱ्यात बसले आणि एका दमात सगळं ओकले. केस, कडी, सात वाजून वीस मिनिटं, हवेत मिटवलेला चिमटा, “निघाला” म्हणून मारलेली थाप, कावळा, शपथ. रडत होते की ओरडत होते कोण जाणे. गल्लीतली कबुतरं मात्र उडाली, ते मी ऐकलं. “तिनं एवढं एकच मागितलं होतं, आई! आणि मी ते तसंच ठेवलं तिच्या तोंडावर! सगळ्यांनी पाहिलं असेल!”

आईनं आरसा पालथा ठेवला.

“कुणी काही पाहिलं नाही,” ती म्हणाली. “मी काढला होता.”

“कधी?”

“तू जिना उतरलीस आणि वन्संनी मला हाक मारली. वहिनी, कडी घाला म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.”

“काय म्हणाली?”

“पोर घाईत होती, तुम्ही काढा.”

“रागावली होती?”

“नाही. म्हणाल्या, तिला क्लासात खुर्ची मिळायला हवी.”

गजावर कावळा येऊन बसला होता. मग मला हसू फुटलं. नाक पुसत मी म्हटलं, “आणि रोज ही खुर्ची उजेडात करायचीस ती तूच होय! मी वेडी समजत होते...”

“मी आज पहिल्यांदा बसले इथे,” आई म्हणाली. “वळलेलीच होती. मला वाटलं, तू वळवतेस.”

आम्ही दोघींनी खुर्चीकडे पाहिलं नाही. आईही उठली नाही. कावळ्यानं मान तिरकी केली. माझं बोट आपोआप हनुवटीवर गेलं, डाव्या बाजूला, ओठाच्या कोपऱ्याखाली. होता.

“तिचा तू काढलास,” मी म्हटलं. “मग हा कुणाचा?”

आईनं चिमटा माझ्यापुढे धरला.

“हा तुझा,” ती म्हणाली.